हिसडा

आमच्या गावात माझी ओळख दोन प्रकारची आहे. शाळेच्या आवारात मी नुसता 'गुरुजी' असतो आणि नदीच्या काठावर 'गळवाले गुरुजी'. मी कादंबऱ्या लिहितो, ही तिसरी ओळख गावाला फारशी मान्य नाही. कादंबरी लिहिणे हे गळ टाकून बसण्यापेक्षाही रिकामटेकडे काम आहे, असे खुद्द आमच्या घरातले मत आहे. सौभाग्यवती म्हणतात, "गळाला निदान अधूनमधून काहीतरी लागतं तरी!"

त्यांचे म्हणणे पुरते खरे नाही. माझ्या गळालासुद्धा फारसे काही लागत नसे. का लागत नसे, हे कळायला मला चाळिशी ओलांडावी लागली. तीच हकीकत आज सांगणार आहे.

आमचे गाव परभणी जिल्ह्यात, पूर्णेच्या काठी. जिंतूर तालुक्यात येलदरीला या नदीवर धरण आहे. ते १९६८ साली पुरे झाले. त्याच्या खाली सिद्धेश्वरचे धरण. ही दोन्ही ओलांडून पूर्णा आमच्याकडे येते आणि पुढे गोदावरीला जाऊन मिळते. आमच्या शिवारात ती एक वळण घेते, आणि त्या वळणावर एक डोह आहे. पाणी संथ, एका कडेला पाणगवत, दुसऱ्या कडेला बाभळीची सावली. हे मरळीचे माहेरघर.

मरळ हा मासा इतर माशांसारखा नव्हे. अंगावर काळपट पट्टे, डोके सापासारखे चपटे आणि स्वभाव फौजदाराचा. नुसत्या कल्ल्यांवर तिचे भागत नाही. थोड्या थोड्या वेळाने ती वर येते, हवेचा घोट घेते आणि पुन्हा खाली जाते. म्हणून तर बाजारात पाटीतल्या ओल्या गोणपाटाखाली ती बराच वेळ जिवंत राहते. वर येण्याची सवय असल्यामुळे पाण्याच्या पृष्ठभागावर काय हलते आहे, इकडे तिचे बारीक लक्ष. बेडूक पोहत चालला, की खालून बाण सुटावा तशी ती सुटते.

पूर्वी आमच्याकडे मरळीसाठी गळाला जिवंत बेडूक लावीत. माझ्याने ते कधी झाले नाही. शाळेत मुलांना बेडकाच्या जन्माचे टप्पे फळ्यावर काढून दाखवायचे आणि संध्याकाळी त्यालाच गळावर टोचायचे, हे मनाला पटेना. मग एकदा परभणीच्या बाजारात मला रबरी बेडूक मिळाला. पोट पोकळ, पाय झिरमिळ्यांचे, पाठीला चिकटून वर वळलेले दोन आकडे. आकडे अंगासरशी दडलेले असल्यामुळे तो पाणगवतावरून ओढला तरी अडकत नाही. मरळीने तो जबड्यात दाबला, की रबर चेपते आणि आकडे उघडे पडतात. युक्ती मोठी नामी. अशा नकली आमिषांबद्दल अमेरिकेत एक दंतकथा सांगतात. मिशिगन राज्यातल्या डोवाजियाक गावचा जेम्स हेडन नावाचा माणूस तळ्याकाठी मित्रांची वाट पाहत लाकूड तासत बसला होता. तासलेला तुकडा त्याने सहज पाण्यात फेकला, तर एका माशाने त्यावर झडप घातली. खरेखोटे देव जाणे. पण लाकडी आमिषे करून विकणारा हेडन मात्र खरा होता.

मी रोज पहाटे डोहावर जाऊ लागलो. बेडूक पाणगवताच्या पलीकडे टाकायचा आणि थोडे ओढून, थोडे थांबून कडेकडेने आणायचा. दोन-तीन दिवसांत मरळी झेपा घेऊ लागल्या. पाणी फाटल्यासारखा 'ढप्प' असा आवाज होई, फेस उडे, माझे काळीज उडे आणि त्याच क्षणी मी काठीला हिसडा देई. बेडूक पाण्यातून सुटून माझ्या टोपीवर येऊन आदळे. आठ दिवसांत अकरा झेपा मोजल्या. हाताला लागली एक मरळ, आणि तीही तिच्याच चुकीने.

डोहावर भोई गल्लीतले एक म्हातारे येत. सारा गाव त्यांना आबा म्हणे. बाराव्या झेपेला त्यांना राहवले नाही.

"गुरुजी, लई घाई करता तुमी. त्यानं निस्तं हाणलंय. खाल्लं कुठं अजून?"

"पण आबा, पाणी उडालं की!"

"पाणी उडू द्या. पान्याला गळ लागतो काय? वजन हाताला येऊ द्या. दोरा चालाया लागला, की मंग द्या हिसडा. आन् हुकला, तर बेडूक तिथंच असू द्या. ती फिरून येती."

एवढेच शास्त्र. डोळ्यांना दिसते झेप आणि हाताला कळते वजन; या दोहोंमध्ये एक-दोन क्षणांचे अंतर असते. ते अंतर ज्याला सोसते, त्याला मासा मिळतो. मरळ आधी धडकते, मग जबडा मिटते, मग तोंड फिरवून खाली वळते. ती वळली, की आकडा आपोआप बसतो. आधीच ओढले, तर आपण तिच्या उघड्या तोंडातून घास काढून घेतो, दुसरे काय?

माझा एक जुना विद्यार्थी बोस्टनजवळ नोकरीला असतो. त्याला मी हे फोनवर लिहून कळवले. त्याचे उत्तर आले, "गुरुजी, इथंही हेच!" तिकडे अटलांटिकच्या किनाऱ्याला स्ट्राइप्ड बास नावाचा पट्टेदार मासा असतो. राहतो समुद्रात, अंडी घालायला नद्यांत शिरतो. पहाटे आणि तिन्हीसांजेला, पाणी शांत असताना, त्याच्यासाठी पाण्यावर तरंगणारी आमिषे ओढतात. तो शेपटीचा फटका मारून आमिष हवेत उडवतो, आणि नवखा माणूस त्या फटक्यालाच हिसडा देऊन बसतो. जुनी माणसे सांगतात : आवाजाला भुलू नका, वजन येईपर्यंत हात आवरा. सात समुद्रांपलीकडच्या कोळ्याने आणि आमच्या आबांनी एकच गोष्ट सांगावी, याचे मला मोठे नवल वाटले.

त्याने आणखी एक लिहिले. या माशाची तिकडे एकदा फार वाताहत झाली होती. इतकी, की मेरीलँड राज्याने १९८५ ते १९९० अशी पाच वर्षे तो धरायलाच बंदी केली. २०२३ साली किनाऱ्यावर हौशी माणसाला दिवसाला एकच मासा, तोही २८ ते ३१ इंचांचाच, असा नियम आला. त्याहून मोठा लागला, तर हलकेच सोडून द्यायचा; कारण मोठ्या माद्याच जास्त अंडी घालतात. मासा धरण्याची खटपट करायची आणि धरून सोडायचा! मी ते वाचून हसलो होतो.

आता माझ्या मुलाविषयी सांगायला हवे. तो आठवीत आहे. बोलताना अडखळतो. शब्दाचे पहिले अक्षर त्याच्या ओठांवर येऊन अडते, मान ताठ होते, डोळे मिटतात. मला ते पाहवत नसे. शिवाय मी पडलो मास्तर! वर्गात प्रश्न विचारायचा आणि पोरांनी तोंड उघडायच्या आत आपणच उत्तर द्यायचे, यात माझी वीस वर्षे गेली. तो "प... प..." म्हणाला, की मी "पाणी?" म्हणून तांब्या पुढे करी. कधी त्याला पाणी हवे असे, कधी पट्टी, कधी पतंग. पण तो तांब्या घेई आणि मुकाट्याने पाणी पिई. मला वाटे, मी त्याचे कष्ट वाचवतो आहे.

सुटीच्या दिवशी तो डोहावर येऊ लागला. एकदा मी बाभळीमागे गुंतलेला तंगूस सोडवत होतो. पलीकडे तो आबांशी बोलत होता. अडखळत होता, थांबत होता, पुन्हा सुरू करत होता. पण बोलत होता! विहिरीतल्या कासवाची काहीतरी लांबलचक गोष्ट होती. आबा मध्ये एक अक्षर बोलले नाहीत. त्यांची नजर पाण्यावर होती आणि कान पोराकडे. गोष्ट संपल्यावर म्हणाले, "आस्सं व्हय!" माझ्याशी तो एवढे कधी बोलला नव्हता. मी तंगूस सोडवायचा विसरून तिथेच उभा राहिलो.

त्यानंतर श्रावणातली एक सकाळ. आभाळ भरलेले, वारा पडलेला. मी बेडूक पाणगवताच्या कडेने आणला. एका जागी पाणी तांबूस आणि खदखदल्यासारखे दिसत होते. मी तिकडे लक्ष दिले नाही. ढप्प! पाणी उडाले. मी हात आवरला. एक... दोन... दोरा चालू लागला, वजन आले, आणि मग हिसडा दिला. काठी वाकली. मोठी झटापट झाली आणि अखेर हातभर लांबीची मरळ काठावर आली. आयुष्यातली सर्वांत मोठी!

मी मुलाकडे वळलो. त्याचा चेहरा आनंदाने फुलेल असे मला वाटले होते. त्याने पाण्याकडे बोट केले आणि बोलू लागला.

"पि... पि..."

'पिशवी' हा शब्द माझ्या जिभेच्या टोकावर आला होता. दुसरे काय मागणार तो? पण त्या पहाटे हात आवरण्याचा अभ्यास नुकताच झाला होता, म्हणून म्हणा, किंवा आबांची आठवण झाली म्हणून म्हणा, मी गप्प राहिलो. हातात मासा धरून उभा राहिलो. फार वेळ गेला असे मला वाटले. मरळ हवेचा घोट घेत माझ्याकडे पाहत होती. तिला घाई नव्हती.

"पि... पिल्लं, बाबा. त... तिथं तिची पिल्लं आहेत. सो... सोडा."

मी पाहिले. तांबूस खदखद म्हणजे शेकडो इवली पिल्ले होती. एका गोळ्याने वर येत होती, हवेचा घोट घेऊन खाली जात होती. मरळीचे जोडपे पिल्लांवर असा पहारा करते, हे मी वाचले होते, मुलांना सांगितलेही होते. ती झेप भुकेची नव्हतीच. माझा बेडूक तिच्या घरात शिरला होता. पहारा उठला, की बगळे आणि इतर मासे दोन दिवसांत त्या गोळ्याचा फडशा पाडतात.

पकडीने आकडा काढला. मुलाने दोन्ही हातांनी तिला पाण्यात धरले. क्षणभर ती तशीच राहिली, मग शेपटीचा एक फटका मारून पाणगवताकडे गेली. तांबडा गोळा तिच्यावर येऊन थांबला.

घरी गेलो, तेव्हा चुलीवर तवा तापत होता. सौभाग्यवतींनी रिकाम्या पिशवीकडे पाहिले आणि विचारले, "आज काय झालं?"

मी सांगायला तोंड उघडले आणि मिटले. मुलगा पाटावर बसला आणि त्याने सांगायला सुरुवात केली. बेडकापासून पिल्लांपर्यंत सारे सांगितले. मध्ये एकदा आईच्या तोंडी शब्द आला होता. मी तिच्याकडे पाहिले, ती थांबली. तव्यावरची भाकरी मात्र करपली. ती आम्ही तिघांनी वाटून खाल्ली, ठेच्याबरोबर.