पडदा आत की बाहेर?
ढोकीच्या आमच्या घरी आजीची खोली पश्चिमेला. मे महिन्यात दुपारी तीननंतर तिथे नुसती भट्टी! त्यात लाइट गेली की पंखाही बंद. खोली बदल म्हटलं, तर ऐकेल ती आजी कसली?

पुण्यातल्या शोरूममध्ये मापानुसार बनवून मिळणारे रोलर ब्लाइंड्स एकदम सही दिसत होते. पण फंडा असा आहे, की ऊन काचेतून आत आल्यावर पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. त्यामुळे ऊन बाहेरच अडवायचं. छज्जाचा इथे उपयोग नाही, कललेला सूर्य त्याच्या खालून आत घुसतो. (दक्षिणेच्या खिडकीचं मेमध्ये टेन्शन नको. ढोकीला तेव्हा भर दुपारी सूर्य जवळपास डोक्यावरच असतो.)

आजीची अट एकच, रस्त्यावरून कोण गेलं ते दिसलं पाहिजे. म्हणून बांबूच्या काड्यांचा चिकाचा पडदा घेतला. खिडकीपेक्षा वीतभर रुंद, बाहेरून, भिंतीपासून चार बोटं सुटा, म्हणजे मधून वारा खेळतो. खालून दोरीने बांधायचा, नाहीतर वळिवाच्या वाऱ्यात गेलाच समजा!

दिवसा आतून बाहेरचं दिसतं, बाहेरून आतलं नाही. दिवा लावला की उलटं. म्हणून दिवेलागणीला आजी स्वतःच तो गुंडाळायला लावते.