चौफेर वड

जपानी माणूस बोन्साय भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतो. त्याला 'तोकोनोमा' म्हणतात. पाहुण्याने समोर बसायचे, समोरूनच वाखाणायचे. म्हणून झाडाला पुढची बाजू ठरलेली. आमच्या वसईच्या दोन खोल्यांत कोनाडा कुठला? असता तर त्यात एव्हाना देव नाहीतर विजेचा मीटर बसला असता. तेव्हा झाड मधोमध टीपॉयवर आणि माणसे चारी बाजूंना.

झाड म्हणजे वड. आमच्या वाडीतल्या विहिरीकाठचा. वाडीच्या जागी आता चार मजले आहेत. त्याआधी एक फांदी आणून कुंडीत खोचली, ती फुटली. वडाला मरायची घाई नसते.

नियम तसे सोपे. पहिली फांदी साधारण उंचीच्या एकतृतीयांशावर, समोरासमोर दोन नकोत, मागे एक हवी म्हणजे खोली दिसते. तार पंचेचाळीस अंशांत गुंडाळायची आणि सालीत रुतायच्या आत सोडवायची; पावसाळ्यात वड असा फुगतो की रोज डोळा ठेवावा लागतो. हे सगळे ठीक. पण मागची फांदी कोणाच्या मागची? सोफ्यावरून सौभाग्यवती विचारते, "आमच्या वाट्याला नेहमी पाठच का?" भांडे फिरवावे तर चिरंजीव रुसतात.

आई खिडकीजवळून बघते. परवा कात्री पाहून म्हणाली, "डावीकडची तोडू नको रे. तिच्याखाली रहाटाचा बैल बांधायचे तुझे आजोबा."

पुस्तकाप्रमाणे ती फांदी साफ चुकीच्या जागी आहे. सध्या तिच्याखाली शेवाळ लावले आहे. बैलाला बसायला बरे.