खाडीपलीकडचा पंचम

मुंबईकराला खाडी ओलांडायची म्हटली की परदेशी निघाल्यासारखे वाटते. आम्ही दादरची माणसे. मुलीने वाशीला घर घेतले तेव्हा पहिल्या खेपेला सौ.ने बरोबर थालीपिठे आणि पाण्याच्या दोन बाटल्या बांधून घेतल्या होत्या! आता मी दर रविवारी एकटाच जातो. कुर्ल्याला गाडी बदलायची. मानखुर्द मागे पडले की दोन्ही बाजूंना पाणी, चिखल आणि तिवरांची हिरवी झालर. हिवाळ्यात नशीब असेल तर लांबवर रोहित पक्ष्यांची गुलाबी रेघही दिसते. पूल संपला की वाशी.

हे शहर वयाने माझ्यापेक्षा लहान आहे. वाशीगाव, जुहूगाव ही आगरी-कोळ्यांची गावे जुनी. पण आजची वाशी ही १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने आधी कागदावर आखली आणि मग जमिनीवर उतरवली. १९७३ साली खाडीवर मोटारींचा पूल झाला, १९९२ साली रेल्वे आली. कागदावर जन्मलेल्या शहरातले पत्तेही कागदावरच शोभतात. गल्लीला नाव नाही, आळीला नाव नाही. सेक्टर अमुक, प्लॉट तमुक. पहिल्या रविवारी नातीला गाण्याच्या शिकवणीला पोचवताना सगळे आकडे हातात असूनही आम्ही अर्धा तास भटकलो. शेवटी शहाळी विकणारा म्हणाला, “तो गुलमोहर दिसतोय ना आजोबा, त्याच्या मागचा जिना.” पत्त्यात सगळे होते, गुलमोहर तेवढा नव्हता. वाचकहो, हा गुलमोहर जरा ध्यानात ठेवा.

नात नऊ वर्षांची. गाण्याची ‘प्रारंभिक’ परीक्षा द्यायची म्हणून तिची खटपट चाललेली. तिची शिकवणी तासभर चाले आणि तो तासभर मी वाशी पायाखाली घालत असे. कधी सागर विहारला जाऊन खाडीचे वारे खायचे, कधी सेक्टर १६-अ मधल्या विष्णुदास भावे नाट्यगृहावरच्या जाहिराती वाचायच्या, कधी सेक्टर ९-अ मध्ये अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या वास्तूसमोर उभे राहायचे. ज्या परीक्षेसाठी नात घोकत होती, ती याच मंडळाची.

घरी येऊन हे सारे सांगितले तेव्हा सौ. हसली. तिचे माहेर मिरज. ती म्हणाली, “म्हणजे नाटकवाले भावे सांगलीचे आणि गाण्याचे मंडळ आमच्या मिरजेच्या पंडितजींचे! वाशी आमच्या उसनवारीवरच चाललीय म्हणायची.”

तिचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर जन्मले कुरुंदवाडला, १८७२ साली. लहानपणी शोभेच्या दारूच्या अपघातात त्यांची दृष्टी अधू झाली आणि शाळेची वाट बंद झाली. मग मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या हाताखाली गाणे. या बाळकृष्णबुवांनी विद्येसाठी घर सोडून ग्वाल्हेर गाठले होते. त्या काळी गाणे शिकायचे म्हणजे गुरूच्या दारी राहायचे, पडेल ते काम करायचे आणि गुरूची लहर लागेल तेव्हा कान टवकारून बसायचे. विष्णु दिगंबरांनी ही रीत बदलली. ५ मे १९०१ रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले. वर्ग, फळा, छापील पुस्तके, परीक्षा, प्रमाणपत्र! १९०८ साली ते मुंबईला आले. १९३१ च्या ऑगस्टमध्ये मिरजेत त्यांचे निधन झाले आणि त्याच वर्षी शिष्यांनी हे मंडळ स्थापन केले. सभ्य घरातल्या मुलीबाळी उजळ माथ्याने गाणे शिकू लागल्या, त्यात या माणसाचा वाटा फार मोठा.

दुसरे विष्णू म्हणजे पंडित भातखंडे. पेशाने वकील. देशभर हिंडून त्यांनी चिजा गोळा केल्या, त्या स्वरलिपीत बांधल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत छापल्या. चार पैसे टाकले की घराण्याची चीज तुमच्या टेबलावर!

या दुसऱ्या विष्णूंचा मी एकलव्य. १९७६ साली नोकरीच्या पहिल्या बोनसातून एक जुनी पेटी घेतली आणि फोर्टच्या फुटपाथवर ‘क्रमिक’चा दुसरा भाग मिळाला. शिकवणीला पैसे नव्हते, वेळ नव्हता. आणि खरे सांगायचे तर कुणापुढे बसून चुकण्याची हिंमतही नव्हती. पुस्तक रागावत नाही, हसत नाही. सहा महिन्यांत यमन बसवला. पुढे चाळीस-पंचेचाळीस वर्षे चाळीचा गणपती, शेजारची मंगळागौर, ऑफिसचे स्नेहसंमेलन, सगळीकडे पेटीवर मीच. सौ. कधीतरी स्वयंपाकघरातून म्हणायची, “अहो, तिथे जरा कोरडं वाटतं का?” मी पुस्तक उघडून दाखवायचो. “हे बघ. इथे प आहे आणि पुढे रे. मी प वाजवला, रे वाजवला. कोरडं कसलं?” ती गप्प बसायची. छापील पुराव्यापुढे कोण काय बोलणार?

एका रविवारी नातीच्या बाईंनी मला आत बोलावले. “या ना आजोबा. आपली नात सांगते, आपण पेटी फार छान वाजवता.” मी आढेवेढे घेतले, पण तोंडापुरतेच. मांडी ठोकली आणि यमन वाजवला. नात माझ्याकडे मोठ्या अभिमानाने बघत होती.

बाई म्हणाल्या, “हात हलका आहे आपला. आता भाता मिटा आणि हेच तंबोऱ्यावर गाऊन दाखवा.”

गायलो. पंचमावर उभा राहिलो आणि तिथून ऋषभावर उडी मारली. बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी नातीकडे पाहिले. ती पंचमावर थांबली आणि तिथून ऋषभापर्यंत अशी उतरली, की पंचम कुठे संपला अन् ऋषभ कुठे सुरू झाला ते कळलेच नाही. मी जिन्याच्या पायऱ्या उतरलो होतो. पोर उतारावरून पाण्यासारखी वाहत गेली.

“ही मींड,” बाई हळूच म्हणाल्या. “पुस्तकात त्या स्वरांच्या डोक्यावर कंस असतो बघा.”

कंस होता! त्याला मींड म्हणतात हेही चिन्हांच्या यादीत मी १९७६ सालीच वाचले होते. पण पेटीच्या दोन पट्ट्यांमध्ये फट असते, तिथे मींड कुठून काढणार? म्हणून मी तो कंस सोडून दिला. आणि एकदा सोडला तो कायमचाच. १९४० साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली, ती तीसेक वर्षे टिकली. त्या वेळच्या आक्षेपांत हाही एक होता. हे मला ठाऊक होते आणि पेटीची बाजू घेऊन मी लोकांशी हिरिरीने भांडतही असे. पण भांडण पेटीचे नव्हते. पेटीवर मींड नसते हे ठाऊक असलेला चांगला वादक ती गळ्यात अन् मनात ठेवतो. माझ्या तर मनातही नव्हती. पत्ता बरोबर होता; गुलमोहरच गाळला होता.

परतीच्या गाडीत खाडीकडे पाहायचे मन झाले नाही. पुढचे दोन रविवार मला खोकला झाला. तिसऱ्या शनिवारी नातीचा फोन आला, “आजोबा, ताई म्हणाल्या, खोकला असला तरी ऐकायला येतं!”

गेलो. बाहेर न थांबता आत सतरंजीवर बसलो, नातीच्या मागे.

तेव्हापासून या एका प्रश्नावर मी पुष्कळ विचार केला आहे. गुरूवाचून गाणे येत नाही असे मी म्हणणार नाही. कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे पेटीचे बादशहा; पण पेटीसाठी त्यांनी कुणाकडे रीतसर तालीम घेतली नव्हती. मात्र देवल क्लबात बसून त्यांनी मोठमोठे गवई ऐकले आणि भास्करबुवा बखल्यांना ते गुरुस्थानी मानत. भीमसेन जोशींनी लहानपणी अब्दुल करीम खाँसाहेबांची ध्वनिमुद्रिका ऐकली आणि त्या वेडापायी १९३३ साली, अकराव्या वर्षी, घर सोडले. तबकडीने त्यांना वाट दाखवली. पण ती वाट पोचली कुंदगोळला, सवाई गंधर्वांच्या दारात. आज तबकडीची जागा मोबाईलने घेतली आहे. हवा तो राग, हवा तो गवई आपल्या हातात. नातीची शिकवणी २०२० च्या टाळेबंदीत मोबाईलवरच सुरू झाली. आवाज क्षणभर मागे पडायचा, त्यामुळे गुरू-शिष्येला एका सुरात एकदम गाताच यायचे नाही. तरी बाई तिचे ऐकत होत्या. सगळे मर्म इथेच आहे. पुस्तक बोलते, तबकडी गाते, मोबाईल दोन्ही करतो. आपले ऐकून “इथे चुकलं” म्हणायला मात्र माणूसच लागतो. मी पंचेचाळीस वर्षे रियाज केला खरा, पण त्यात चूकच घोटून पक्की केली. न रागावणाऱ्या गुरूची फी अशी भरावी लागते.

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी घरी तोच तुकडा गुणगुणत होतो. दहादा घसरलो. स्वयंपाकघरात सौ. गवार मोडत बसली होती. तिने मान वर न करता तो पंचम धरला आणि ऋषभावर आणून सोडला. अगदी नातीसारखा. नव्हे, नातीपेक्षा सावकाश.

मी उंबऱ्याशीच थबकलो. “हे तुला कुठून येतं?”

“मिरजेला तीन वर्षं शिकत नव्हते का लग्नाआधी? सांगितलं होतं की पहिल्या दिवाळीला.”

“मग इतकी वर्षं मला सांगितलं का नाहीस?”

“सांगत होते की, कोरडं वाटतं म्हणून. तुम्ही दर वेळी पुस्तक दाखवायचात. एकदा तरी म्हणालात का, तू गाऊन दाखव?”

यावर माझ्यापाशी छापील पुरावा नव्हता. मी खाली बसलो, थोडी गवार पुढे ओढली आणि म्हणालो, “पुन्हा एकदा गा.”

हल्ली रविवारी वाशीला आम्ही दोघे जातो. थालीपिठेही असतात बरोबर. पूल आला की ती खिडकीतून खाडी बघते आणि मी हलक्या आवाजात पंचम लावतो. चुकलो की ती माझ्याकडे न वळता नुसती मान हलवते.