घरच्या मैदानाची पत्रं

करंजा, शुक्रवार

ती. ताईस, सा. न.

तुमच्या कॉलेजच्या मुलींची हॉकी बघायला माणसं का येत नाहीत, या तुझ्या प्रश्नाचा विचार करायला करंजा ही नेमकी जागा आहे. हॉकीचं नाव इथे सहसा कानावर पडत नाही, पण मैदानाभोवती उभं राहणारं गाव मात्र आहे. जुन्या सरकारी दफ्तरात उरण म्हणजे पनवेल तालुक्याचा एक पेटा, आणि सगळ्या बेटालाच करंजा हे नाव. आता करंजा म्हटलं की द्रोणागिरीच्या पायथ्याचे कोळी-आगरी पाडे, मासळीचं बंदर आणि रेवसला जाणाऱ्या लाँचचा धक्का. उरण-पनवेलच्या या पट्ट्यात टेनिस चेंडूच्या क्रिकेटचे आणि कबड्डीचे सामने गावोगाव रंगतात. बांबूचा मांडव, चषकांनी भरलेलं टेबल, खुर्च्यांवर गावकीतली जाणती माणसं, पोरांच्या मोबाइलवर त्याच सामन्याचं थेट प्रक्षेपण, आणि माइकवर न थकणारा समालोचक. या समालोचकाकडे नीट कान द्यायला हवा. चेंडू कुठे गेला हे तो ओझरतं सांगतो. फलंदाज कुठल्या पाड्याचा, कोणाचा मुलगा, कोणाचा भाचा, मागच्या वर्षी कोणत्या गावाविरुद्ध त्याने सामना काढून दिला, हे मात्र तो पुन्हा पुन्हा सांगतो. या सामन्यात आपलं कोण आहे ते ऐकणाऱ्याला कळतं, आणि मग तो उन्हातही हलत नाही.

माझं सगळं म्हणणं इथूनच सुरू होतं. जाहिरात कमी पडते, खेळाचा दर्जा कमी पडतो, ही कारणं नंतरची. मुलींच्या कॉलेज हॉकीला घरचा सामनाच नसतो, हे पहिलं कारण. कोल्हापूरचं फुटबॉल घे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ यांच्या लढती असल्या की पेठाच्या पेठा लोटतात. त्याहून सरस फुटबॉल रोज रात्री टीव्हीवर दिसतं, तरी लोक स्टेडियमवर जातात, कारण संघ तालमीचा आहे, तालीम पेठेची आहे, आणि मोसम आला की सामने त्याच मैदानावर होणार याची सगळ्यांना खात्री आहे. आपली आंतरमहाविद्यालयीन हॉकी बहुधा बाद पद्धतीने, दोन-तीन दिवसांत, कामाच्या वारी भर सकाळी, कुठल्या तरी तिसऱ्याच मैदानावर उरकली जाते. पहिला सामना हरला की त्या संघाचं वर्ष संपलं. त्या वेळी वर्गमैत्रिणी तासाला असतात, आई बाजारात असते, वडील कामावर असतात, आणि मैदान तर दुसऱ्याच गावात. इतकी व्यवस्था करून प्रेक्षक बाहेर ठेवायचे आणि मग लोकांना आवड नाही म्हणायचं, हे मला पटत नाही. आवड सवयीतून येते. वर्षातून एकदा, तीही परगावी होणाऱ्या गोष्टीची सवय कोणाला लागणार?

तुझा धाकटा


करंजा, रविवार

ती. ताईस, सा. न.

माझ्या पत्रावर कोणते आक्षेप येतील हे मला ठाऊक आहे, तेव्हा ते आधीच घेतो. सगळ्यात वजनदार आक्षेप मैदानाचा. मोठी हॉकी आता कृत्रिम गवतावर होते, 91.4 मीटर लांब आणि 55 मीटर रुंद टर्फ कुठलं तालुक्याचं कॉलेज घालणार आणि त्याला पाणी कुठून मारणार? खेळाडू घडवण्यापुरता हा आक्षेप खरा आहे. प्रेक्षक घडवण्यापुरता खरा नाही. झारखंडच्या सिमडेगा-खुंटी भागात मातीच्या मैदानांवर खस्सी स्पर्धा भरतात. जिंकणाऱ्या संघाला बोकड मिळतो आणि सामना बघायला गाव जमतं. भारताची कर्णधार झालेली सलीमा टेटे त्याच सिमडेगातल्या बडकीछापरची. रांचीत 2023 ची महिला आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफी आणि जानेवारी 2024 ची ऑलिम्पिक पात्रता स्पर्धा झाली, तेव्हा भारताच्या सामन्यांना स्टँड भरले. पात्रता स्पर्धेत जपानकडून 0-1 ने हरून भारताची पॅरिसची संधी गेली. ती हारही भरल्या मैदानाने पाहिली. मातीवर सात-सात जणींची हॉकी खेळवली तर जाणकार नाक मुरडतील, मुरडू देत. टर्फ मागायला सरकारदरबारी जाताना प्रेक्षकांनी वेढलेल्या मैदानाचा फोटो हातात असला, तर अर्जाला वजन येतं.

आपल्याकडे खेळाडू कुठे आहेत, असंही कोणी म्हणेल. 1982 च्या दिल्लीतल्या एशियाडमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघाची कर्णधार एलिझा नेल्सन पुण्यात जन्मलेली. आजच्या वैष्णवी फाळके, अक्षता ढेकळे, ऋतुजा पिसाळ या तिघी फलटण तालुक्यातल्या. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकून भारताच्या जर्सीपर्यंत पोचल्या. वाईट याचं वाटतं की त्यांच्या गावाला त्या वर्तमानपत्रात दिसतात, मैदानावर क्वचितच.

मुलींच्या सामन्याला टोळकी जमतात, शेरेबाजी होते, पालक घाबरतात, हा आक्षेप मात्र मी हलक्यात घेणार नाही. तो खरा आहे, आणि मुली खेळ सोडतात त्यामागे तो असतो. पण नीट पाहिलं तर टोळक्याचं फावतं ते रिकाम्या मैदानावर. चार पोरं कुंपणावर बसलेली आणि बाकी कोणी नाही, असं असलं की मैदान त्या चौघांचं होतं. पुढच्या रांगेत आया, मावश्या, आज्या बसल्या की तेच मैदान वेगळं होतं. म्हणून पहिलं आमंत्रण बायकांना जायला हवं. करंज्यासारख्या गावात ते आणखी सोपं, कारण मासळीचा बाजार कोळीणच चालवते. चारचौघांत मोठ्याने बोलायला तिला कोणाची परवानगी लागत नाही. तिला वेळ कधी असतो, ते पाहून सामन्याची वेळ ठरवावी. हॉकीचे पंधरा-पंधरा मिनिटांचे चार डाव, मधल्या विश्रांतीसकट दीड तासाच्या आत खेळ आटोपतो. बाजार संपल्यावर आणि चूल पेटायच्या आधी तो बसतो. मात्र बायकांसाठी स्वच्छतागृह नसेल, परतीच्या वाटेवर दिवे नसतील, तर हे आमंत्रण नुसतं तोंडदेखलं. मैदानावर खर्च करायला पैसे थोडेच असतील तर ते आधी तिथे घालावेत. फलक आणि फुगे राहिले तरी चालतील.

राहिला प्रश्न खेळ न कळण्याचा. चेंडू लहान, वेगवान. शिट्टी का वाजली ते नवख्याला कळत नाही. इथे आपला पाड्यांवरचा समालोचक कामाला येतो. पेनल्टी कॉर्नर मिळाला की बचावातल्या पाच जणी गोलरेषेमागे उभ्या राहतात, त्यातली एक गोलरक्षक. बाकीच्या बचावपटूंना मध्यरेषेपलीकडे जावं लागतं. हल्ल्यातली एकजण मैदानाच्या मागच्या रेषेवरून चेंडू ढकलते, दुसरी वर्तुळाबाहेर तो थांबवते, तिसरी स्टिकने ओढून फेकते, आणि त्याच क्षणी बचावातली एकजण मुखवटा लावून थेट त्या फटक्याच्या अंगावर धावत जाते. ती धावणारी कोणाची मुलगी, हे माइकवरून सांगितलं की पुढच्या वेळी आख्खा स्टँड आधीच श्वास रोखून बसेल. नियमांची पुस्तिका वाटून हे साधणार नाही.

तुझा धाकटा


नेरूळ, सोमवार

ती. ताईस, सा. न.

जानेवारी 2024 पासून उरणपर्यंत लोकल आली आहे, त्यामुळे करंज्याचा माणूस आता रुळावरून सरळ नेरूळला येतो. इथल्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर 2 नोव्हेंबर 2025 ला भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा 39,555 माणसं हजर होती. क्रिकेटची गोष्ट वेगळी, असं म्हणून हा दाखला बाजूला सारता येणार नाही. ही गर्दी एका रात्रीत जमलेली नव्हती. डिसेंबर 2022 मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धचे महिलांचे टी-20 सामने याच मैदानावर फुकट दाखवले. 2023 च्या पहिल्या महिला प्रीमियर लीगचे सगळे 22 सामने इथे आणि ब्रेबोर्नवर झाले, आणि त्यात बायका-मुलींना प्रवेश फुकट होता. विश्वचषकात भारताचे शेवटचे चार सामने, 23 ऑक्टोबर ते 2 नोव्हेंबर, याच मैदानावर झाले. साखळीची तिकिटं 100 रुपयांपासून होती. एकच मैदान आणि पुन्हा पुन्हा सामने, म्हणजे घरचा सामनाच तो. उपांत्य सामन्यात नाबाद 127 धावा करणारी जेमिमा रॉड्रिग्ज लहान वयात महाराष्ट्राकडून हॉकीही खेळलेली. हॉकीतच राहिली असती तर तिचे किती सामने लोकांनी पाहिले असते, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मुलींची बर्फावरची हॉकी याच दिशेला बोट दाखवते. 2012 साली त्यांना स्वतःचं, जेमतेम सव्वादोन हजार आसनांचं मैदान मिळालं. एखादा सामना मात्र मुद्दाम मोठ्या स्टेडियमवर घेऊन ते गावाला बोलावत. 14 जानेवारी 2017 ला अशा सामन्याला 15,359 माणसं आली. एरवी लहान जागा आणि अधूनमधून एक जत्रा, ही रीत आपल्याला नवी नाही. आपल्या देवळांचा वर्षाचा क्रम असाच चालतो. आपण मात्र मूठभर प्रेक्षकांना अवाढव्य स्टेडियमच्या कोपऱ्यात बसवतो आणि बसलेल्यांनाच उपरं वाटायला लावतो.

तेव्हा माझी मागणी लहान आहे. शेजारच्या चार कॉलेजांनी आपसात साखळी लावावी, प्रत्येकाशी एकदा घरी, एकदा बाहेर. प्रत्येक संघाला सहा सामने, त्यातले तीन घरचे, सगळे शनिवारी संध्याकाळी. विद्यापीठाची बाद स्पर्धा तिच्या जागी राहू दे. खर्च मुख्यतः बसभाड्याचा. प्राचार्य अभ्यास बुडतो म्हणतील, त्यांना शनिवार दाखव. पहिल्या वर्षी पन्नास माणसं आली तरी पन्नासच खुर्च्या मांडा, मैदानाला खेटून.

परीक्षांचं वेळापत्रक मला पाठव. आणि तुमच्या मैदानाची कुठली बाजू संध्याकाळी सावलीत असते ते पाहून कळव. बायका ज्या बाजूला बसतील तिथे मावळतं ऊन डोळ्यांवर यायला नको.

तुझा धाकटा