दंत्य वर्ण

शाळेत असताना मी पाचवीच्या मुलांना विचारायचो, "त, थ, द, ध म्हणा बरं. जीभ कुठं टेकली?" मुलं एका सुरात ओरडायची, "दातांना!" आमच्या मैंदर्गीत काहींच्या घरी कन्नड, काहींच्या घरी मराठी. पण हे वर्ण सगळ्यांचे एकाच जागी टेकायचे.

बारा वर्षांपूर्वी अंगणातल्या पायरीवरून घसरलो आणि वरचे पुढचे दोन दात गेले. काढ-घाल करायची छोटी कवळी बसवून घेतली. वाटलं, विषय संपला. पण दर दोन-तीन वर्षांनी ती सैल व्हायची. गेल्या वर्षी नातवाकडून पाढे म्हणून घेत होतो. तो म्हणाला, "आजोबा, तुम्ही दहा म्हणता तेव्हा शिट्टी वाजते." तो हसला, मीही हसलो. पण त्यानंतर १५ ऑगस्टला शाळेत दोन शब्द बोला म्हणून बोलावणं आलं, तेव्हा मी तब्येतीचं कारण सांगितलं. खोटं सांगितलं.

शेवटी अक्कलकोटमार्गे सोलापूर गाठलं. डॉक्टरांनी जबड्याचा स्कॅन काढला. म्हणाले, "सर, इम्प्लांट बसवायला इथं हाडच नाही. जेमतेम तीन मिलिमीटर रुंदी उरलीय. सहा-सात तरी हवी."

मी चक्रावलो. दात पडला होता, हाड कुठं गेलं? त्यांनी समजावलं. चावताना दाताच्या मुळातून हाडाला सतत ताण मिळतो, त्यावर ते टिकतं. दात गेला की हाडाचं काम संपतं आणि शरीर ते हळूहळू परत घेतं. सर्वांत जास्त झीज पहिल्या वर्षातच होते. वरून कवळीचा दाब.

माझ्या डोळ्यांपुढे ओढ्याकाठचा खचलेला बांध आला. अरुंद बांधावर खांब कसा रोवणार? आधी भर घालायला हवी.

भर म्हणजे हाडाची! मी विचारलं, "कुणाचं हाड?" आमच्या घरात अंडंही शिजत नाही. डॉक्टर हसले नाहीत, हे मला आवडलं. म्हणाले, चार प्रकार आहेत. स्वतःचं, दान केलेलं माणसाचं, प्रक्रिया केलेलं गाईगुरांचं, आणि कारखान्यात बनवलेलं कॅल्शियम फॉस्फेटचं. मी म्हटलं, "माझंच घ्या." वाचकहो, तुम्हाला यातलं काही चालत नसेल तर आधी विचारा. विचारण्यात लाज कसली?

बायको म्हणाली, "या वयात कशाला?" मुलगा काही बोलला नाही. खर्च चार महिन्यांच्या पेन्शनच्या वर होता. मी डॉक्टरांनाच वय विचारलं. म्हणाले, नुसतं वय आड येत नाही. आटोक्यात नसलेली साखर आणि तंबाखू आड येतात. तंबाखू मी कधी खाल्ली नाही. साखर मात्र तीन महिने सांभाळली, मगच त्यांनी तारीख दिली.

खालच्या जबड्यातून, अक्कलदाढेच्या मागून हाडाचा छोटा तुकडा काढून वर बारीक स्क्रूंनी बसवला, त्यावर पातळ पडदा घातला आणि हिरडी शिवली. आठवडाभर चेहरा सुजला होता. पेज आणि ताकावर राहिलो. आता काही महिने थांबायचं. तो तुकडा म्हणजे नुसता आधार. त्याच्या आत माझं नवं हाड तयार होईल, मग टायटॅनियमचा खिळा.

या खिळ्याची गोष्टही मजेशीर आहे. स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी १९५२ च्या सुमारास सशाच्या हाडात टायटॅनियमचं उपकरण बसवलं होतं. काढायला गेले तर निघेना, हाडानं ते धरून ठेवलं होतं! १९६५ मध्ये त्यांनी योस्टा लार्सन नावाच्या गृहस्थाला असे दात बसवले. ते त्याला चाळीस वर्षं पुरले.

पण मला राहून राहून आठवतं ते डॉक्टरांचं पहिलं वाक्य. काम संपलं की हाड झिजतं. मी अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालो. दात नंतर गेले, पण बोलायचं टाळलं ते मीच. त्यात दातांचा दोष किती आणि माझा किती?

असो. हाड धरेल की नाही हे नव्या स्कॅनमध्ये कळेल. तोवर वाट बघायची नाही असं ठरवलंय. रोज संध्याकाळी नातू आणि शेजारची तीन पोरं ओट्यावर येतात. शिट्टी वाजते, पोरं हसतात, आणि मी पुन्हा म्हणतो, "त, थ, द, ध..."