केमोत नापास

माझ्या रिपोर्टात लिहिलं होतं, ‘पेशंट फेल्ड फर्स्ट-लाइन केमोथेरपी.’ औषध माझ्या गाठींवर चाललं नाही, आणि नापास मी! अख्ख्या शाळेत गणितातसुद्धा जे कधी झालं नाही, ते न्यू जर्सीत झालं.

कॅन्सर कुठला, कसा कळला ते सांगत बसत नाही. सगळ्यांचं थोडंफार सारखंच असतं. 2021पासून अमेरिकेत डॉक्टरांची टिपणं पेशंटला लगेच ऑनलाइन दाखवावी लागतात, म्हणून हे वाक्य माझ्या नजरेला पडलं. नवरा म्हणाला, “अगं, त्यांची लिहायची पद्धतच असते ती.” तीच तर तक्रार आहे!

इथल्या ‘हिपा’ कायद्यानं पेशंटला आपल्या नोंदीत दुरुस्ती मागता येते. मी रीतसर अर्ज केला: ‘औषधाचा उपयोग झाला नाही’ असं लिहा. उत्तराला साठ दिवसांची मुदत असते; हॉस्पिटलनं ती जवळजवळ पुरती वापरली आणि कळवलं, नोंद अचूक व पूर्ण आहे, बदल होणार नाही. अचूक! असहमतीचं निवेदन जोडायची सोय कायद्यात आहे, तेही मी जोडलं. दर खेपेला वेळेवर आले, सुया टोचून घेतल्या, ओकले, केस घालवले. माझ्या बाजूनं नेमकं काय करायचं राहिलं ते कळवावं, असं त्यात विचारलं. ते कोणी वाचलं असेल असं वाटत नाही.

इथल्या इंग्रजीत कॅन्सर एक तर परीक्षा, नाही तर लढाई. 1971मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सननं ज्या कायद्यावर सही केली, त्याला ‘वॉर ऑन कॅन्सर’च म्हणू लागले. ऑफिसच्या कार्डावर ‘यू आर अ फायटर’. मेलात तर ‘लॉस्ट हर बॅटल’, म्हणजे मरताना वर हरल्याचा शिक्का. आजाराला रूपकांत गुंडाळू नका असं सांगणारं, लेखिका सुसान सोन्टॅगचं 1978चं ‘इलनेस ॲज मेटाफर’ वाचलं तेव्हा कोणीतरी माझी बाजू घेतल्यासारखं वाटलं. तिला स्वतःला कॅन्सर झालेला होता, पण पुस्तकात तिनं स्वतःच्या आजाराचा विषय कुठे काढलेला नाही. भाषाशास्त्रज्ञ लेकॉफ आणि तत्त्वज्ञ जॉन्सन यांनी 1980मध्ये म्हटलं, रूपकं म्हणजे बोलण्यावरची नक्षी नव्हे, माणूस विचारच त्यांतून करतो. मग मला नापास करणारा डॉक्टर काय विचार करत होता?

आपणही काही वेगळे नाही म्हणा. ‘कर्करोगाशी झुंज अखेर अपयशी’ हे मराठी पेपरांत सर्रास छापतात. माझं तर मत आहे, आजाऱ्याला भेटायला जाल तर आधी तो काय शब्द वापरतो ते ऐका. आपले खिशात ठेवा.

पण लँकेस्टर विद्यापीठातल्या एलेना सेमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेशंटांचं बोलणं तपासलं, तर लढाईच्या भाषेनं काहींना अपराधी वाटतं, काहींना बळही येतं. आणि ‘प्रवास’ हा सौम्य शब्दसुद्धा काहींना असहाय करून सोडतो. हे वाचून मी जराशी चिडलेच.

त्यानंतर साताऱ्याच्या थोरल्या जाऊबाईंना स्तनाचा कॅन्सर निघाला. फोनवर आवाज खणखणीत: “याला लोळवते की नाही बघ!” सोन्टॅग अगदी ओठांवर आली होती. पण म्हटलं, “लोळवाच, जाऊबाई.”

“आणि ते हॉस्पिटलशी तुझं चाललंय, त्याचं काय झालं गं?” त्यांनी विचारलं. “त्यांनाही सोडू नकोस.”