चेकच्या तळाची पट्टी

नाव, तारीख, अक्षरी रक्कम, सही. चेकवर माणूस लिहितो ते सगळं वर. तळाची पांढरी पट्टी यंत्राची. तिथले जाड-बारीक अंगाचे काळे आकडे मला सहीइतकेच जवळचे आहेत.

मुंबईत बँकेत लागले तेव्हाच्या माझ्या चेकवर आधी चेकचा सहा आकडी नंबर होता, मग ४००ने सुरू होणारे नऊ आकडे. त्यातले तीन शहराचे, तीन बँकेचे, तीन शाखेचे. शहराचे आकडे पिनकोडच्या सुरुवातीचेच. पुण्याला बदली झाली आणि ४११ आले. नागपुरात घर केलं तेव्हा ४४०. माझं नाव त्या ओळीत कधीच नव्हतं, गाव मात्र दर वेळी होतं.

उमेदीची वर्षं क्लिअरिंगमध्ये गेली. ओळीचं उजवं टोक कोरं यायचं. तिथे रक्कम आम्ही एन्कोडरवर छापायचो. दशांशचिन्ह नाही, सगळं पैशांत: १,२५० रुपयांचे १२५०००, मागे शून्यांची रांग. एक शून्य चुकलं की बॅच टॅली होत नसे, आणि टॅली झाल्याशिवाय कुणी घरी जात नसे. ते काम मला मनापासून आवडायचं. कुणाचा पगार, कुणाचं घरभाडं माझ्या बोटांखालून जायचं.

शाईत लोहाचा अंश असतो. यंत्र आधी आकड्यांना चुंबकत्व देतं, मग उजवीकडून एकेक आकडा वाचतं. आकार वेगळा तशी लहर वेगळी. म्हणून त्यांची अंगं अशी घडवली आहेत. १९५०च्या दशकात कॅलिफोर्नियात तयार झालेलं हे ई-१३बी वळण: दहा आकडे, चार खुणा. वर रबरी शिक्का बसला तरी यंत्र अडत नाही. या हुशारीचं मला आजही कौतुक वाटतं.

२०१३मध्ये मुंबईत चेकची प्रतिमा पाठवणं सुरू झालं. कागद जमा झाला त्याच बँकेत राहू लागला, रक्कम छापायचं कामही संपलं. ओळीच्या शेवटी बचत खात्याचा १० असायचा, तिथे आता ३१ दिसतो: देशात कुठेही स्थानिक चेकसारखा वटणारा.

सोसायटीतली मुलं एसआयपीच्या फॉर्मसाठी रद्द केलेला चेक घेऊन येतात. त्यांना सांगते, दोन तिरप्या रेघा वरच मारा. ते नऊ आकडे फॉर्मवर उतरवायचे आहेत.